शेजाऱ्याचे पुस्तक

ख्रिस्ती मनुष्याने कोणती पुस्तके वाचावीत, हा प्रश्न माझ्या नोकरीच्या काळात मला अनेकांनी विचारला. परंतु हाती आलेले पुस्तक, मग ते कोणाचेही असो, ख्रिस्ती मनुष्याने कसे वाचावे, हे विचारणारा क्वचितच भेटला. वस्तुतः महत्त्वाचा प्रश्न हा दुसराच आहे, आणि त्याचे उत्तर मला कोणत्याही धर्मोपदेशकाच्या व्याख्यानापेक्षा कोकण किनाऱ्यावरील दिवेआगरातील पुस्तकांच्या दोन लोखंडी कपाटांनी अधिक स्पष्टपणे शिकवले, असे आज निवृत्तीनंतर मागे वळून पाहताना मला प्रामाणिकपणे वाटते.

या परिसरातील एका माध्यमिक शाळेत मराठीची शिक्षिका म्हणून माझी नेमणूक झाली, तेव्हा शाळेच्या शिरस्त्याप्रमाणे ग्रंथालयाचे दफ्तरही मराठीच्या शिक्षकाकडेच होते. त्यामुळे वर्गावर जाण्याच्या आधीच कपाटांच्या किल्ल्या, दाखल नोंदवही आणि शिक्क्याची वाळून गेलेली गादी या चीजवस्तू रीतसर पावती देऊन मी ताब्यात घेतल्या. मी अहमदनगरकडची, घरी पिढीजात ख्रिस्ती उपासना आणि तितकीच पिढीजात मराठी. येथे पोफळीच्या वाड्या, रूपनारायणाचे शिल्पसुंदर मंदिर, मच्छीमारांची वस्ती आणि मैलोगणती पसरलेली पुळण. माझ्या ओळखीचे दुसरे ख्रिस्ती घर मात्र पंचक्रोशीत नव्हते. ज्या गावाच्या भूमीत शके ९८२ मधील, म्हणजे इसवी सन १०६० मधील, मराठी ताम्रपट सापडला, त्या गावात अक्षरांविषयी आदर असणे स्वाभाविक होते, आणि तो आदर मला पदोपदी प्रत्ययास आला. तरीही पहिल्या काही महिन्यांत पुस्तके न्यावयास येणाऱ्या पालकांच्या नजरेत एक सभ्य कुतूहल असे, की ही ख्रिस्ती बाई आमच्या मुलांच्या हातात काय देते पाहू. ते कुतूहल मला कधी खुपले नाही. ज्याच्या हाती कपाटाची किल्ली आहे, त्याच्यावर लोकांची नजर असलीच पाहिजे.

आमच्या घरी वाचनाचा एक दंडक होता आणि तो थेट रेव्हरंड नारायण वामन टिळकांपासून आलेला होता. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावास आगगाडीने जात असता एका युरोपीय सहप्रवाशाने टिळकांच्या हाती नवा करार दिला, आणि हा ग्रंथ वाचाल तर दोन वर्षांच्या आत ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले, ही हकीकत मराठी ख्रिस्ती घरांत मुलांना पाठ असते. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला, त्यामुळे भाकिताची ती मुदत पाळली गेली, हेही सर्व सांगतात. परंतु या हकीकतीतील जो तपशील माझे वडील कधी विसरत नसत, तो निराळाच होता. टिळकांना ते पुस्तक प्रथमदर्शनी आवडले नव्हते. तरी शब्द दिला होता म्हणून त्यांनी ते उघडले, आणि इतर कोणताही ग्रंथ वाचताना जी पद्धत ते पाळत, तीच येथेही पाळून, पहिल्या पानापासून, हाती पेन्सिल घेऊन, ध्यानात ठेवण्याजोग्या स्थळांवर खुणा करीत ते पुढे निघाले. डोंगरावरील प्रवचनाशी आल्यावर मात्र त्यांना तेथून उठवेना. वडील म्हणत, “ज्याने नावडत्या पुस्तकासही आपल्या नेहमीच्या पद्धतीचा न्याय नाकारला नाही, त्यालाच ते पुस्तक भेटले.” आमच्याकडे ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाचा अंक असो, शेजारच्या जोशीकाकांकडून आणलेली ज्ञानेश्वरी असो, की शाळेचे क्रमिक पुस्तक असो, वाचावयास बसताना पेन्सिल शोधणे हे हातपाय धुण्याइतकेच अंगवळणी पडले होते.

नव्या करारातील प्रेषितांच्या कृत्यांत हबशी देशाच्या राणीचा एक खजिनदार यरुशलेमेहून परत जाताना रथात बसून यशयाचा ग्रंथ मोठ्याने वाचीत आहे, आणि सुवार्तिक फिलिप्प धावत जाऊन त्याला विचारतो की, आपण वाचता ते आपणास समजते काय. हा प्रसंग आणि टिळकांचा आगगाडीतील प्रसंग मी नेहमी शेजारी शेजारी ठेवून वाचते. दोन्हीकडे प्रवास आहे, दोन्हीकडे मोठ्या योग्यतेचा वाचक आहे, आणि दोन्हीकडे पुस्तक परक्या लोकांचे आहे. फिलिप्प त्या अधिकाऱ्याच्या हातून ग्रंथ काढून घेत नाही, किंवा दुसरा ग्रंथ त्याच्यापुढे टाकीत नाही. तो रथात चढून त्याच्याजवळ बसतो आणि जे पान उघडे आहे तेथूनच आरंभ करतो. ग्रंथपालाच्या व शिक्षकाच्या कामाचे याहून नेमके वर्णन मला सापडलेले नाही.

दिवेआगरात राहून ज्या इतिहासाची मला विशेष ओढ लागली, तो येथल्या बेने इस्रायल या यहुदी समाजाचा. मुंबई-ठाण्याकडील त्यांच्या घराण्यांत दिवेकर हे आडनाव आहे, ते याच गावावरून. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, म्हणून त्या काळच्या कुलाबा जिल्ह्यात त्यांना शनिवारतेली म्हणत. शब्बाथ, सुंता, आहाराचे निर्बंध आणि ‘शमा’ची प्रार्थना एवढे त्यांनी शतकानुशतके जतन केले होते, पण धर्मग्रंथ हाताशी राहिला नव्हता. तो एकोणिसाव्या शतकात त्यांना मराठीतून मिळाला, आणि देणारे होते ख्रिस्ती मिशनरी. अमेरिकन मिशनने त्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. १८२९ साली मुंबईस आलेल्या डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रू भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. देणाऱ्यांचा हेतू उघड होता. घेणाऱ्यांनी मात्र तो ग्रंथ मनःपूर्वक वाचला, आणि वाचून ते आपल्याच पूर्वजांच्या धर्मात अधिक दृढ झाले. ख्रिस्ती झाले ते फारच थोडे. काही ख्रिस्ती लेखक या घटनेचा उल्लेख हळहळीच्या स्वरात करतात. मला ती विल्सनसाहेबांच्या आयुष्यातील अत्यंत उज्ज्वल कामगिरी वाटते. एका समाजाच्या हाती त्याचा स्वतःचा ग्रंथ, त्याला कळणाऱ्या भाषेत परत देणे आणि पुढचा निर्णय त्याच्या विवेकावर सोपवणे, यापेक्षा मोठी शेजारप्रीती ती कोणती? पुस्तक एकदा वाचकाच्या हाती गेले की देणाऱ्याची मुखत्यारी संपते, हा धडा मी दिवेकरांच्या गावी शिकले, याचे मला फार समाधान आहे.

शाळेत शनिवारी दुपारी मी वाचनाचा एक वर्ग चालवीत असे. ग्रंथालयाच्या पुस्तकात रेघ ओढण्यास सक्त मनाई, म्हणून पेन्सिलीच्या जोडीला कागदाच्या पट्ट्या आल्या. जुन्या उत्तरपत्रिकांची कोरी पाने बोटभर रुंदीची कापून त्यांचा गठ्ठा मी टेबलावर ठेवी. जेथे मन अडेल तेथे पट्टी घालावयाची, आणि तिच्यावर आधी लेखक काय म्हणतो ते आपल्या शब्दांत एका ओळीत लिहावयाचे, आपले मत त्याच्या खाली. ओळींची ही क्रमवारी बदलण्यास मी कोणालाही परवानगी दिली नाही. लेखकाची कैफियत पुरती रुजू झाल्यावाचून निकाल लिहावयाचा नाही, एवढाच त्या वर्गाचा कायदा होता. मुलांना प्रथम तो जाच वाटे. पुढे पुढे असे होऊ लागले की वरची ओळ नीट लिहून झाल्यावर खालची ओळ लिहिताना हात थबके, कारण जे खोडून काढावयाचे होते ते लेखकाने म्हटलेलेच नव्हते, असे वरच्या ओळीवरून उघड दिसे.

‘स्मृतिचित्रे’ आम्ही असेच वाचले. रेव्हरंड टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक यांचे हे पुस्तक चार भागांत १९३४ पासून प्रसिद्ध झाले, आणि मराठीत त्याच्या तोडीची आत्मकथा मला दुसरी ठाऊक नाही. सोवळ्या-ओवळ्याच्या प्रसंगांना वर्ग मनमुराद हसला. मग टिळकांच्या बाप्तिस्म्याचे प्रकरण आले आणि एक मुलगी, घरची सुपारी सोलून बोटे काळवंडलेली, वर्गात फारसे न बोलणारी, पट्टी हातात धरून उभी राहिली. “बाई, देव सापडला म्हणून काय झालं? बायकोला न सांगता जायला नको होतं त्यांनी,” ती म्हणाली. वर्ग माझ्याकडे पाहू लागला. टिळक आमच्या घरी पूजनीय. पण त्या मुलीने वरच्या ओळीत लक्ष्मीबाईंच्या त्या काळातील अवस्थेचे जे वर्णन लिहिले होते, ते इतके यथार्थ होते की तिच्या निकालास हरकत घेण्याचे मला काही कारण दिसले नाही. लक्ष्मीबाईंनी स्वतः ती यातना झाकली नाही. स्वतः ख्रिस्ती झाल्यानंतर लिहिताना, पतीविषयीचे अपार प्रेम शब्दाशब्दांत असतानाही झाकली नाही. ज्या श्रद्धेला सत्य प्रिय आहे, तिने आपल्या थोर पुरुषांमुळे कोणाला काय सोसावे लागले, हेही वाचले पाहिजे. ती पट्टी मी त्या पुस्तकातून काढली नाही.

आपल्या पक्षाच्या पुस्तकांना सवलत न देणे, हा याच वाचनाचा दुसरा भाग. बाबा पद्मनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली निघाले, आणि मराठीतील पहिली कादंबरी म्हणून त्याचा गौरव होतो. विधवांची दैना त्यांनी गावोगाव हिंडत्या दांपत्याच्या डोळ्यांनी जी दाखवली आहे, ती आजही वाचवत नाही, इतकी खरी आहे. परंतु जेथे प्रसंग थांबतो आणि उपदेश सुरू होतो, तेथे पात्रे पुठ्ठ्याची होतात, हे मी ख्रिस्ती असूनही, किंवा ख्रिस्ती आहे म्हणूनच, वर्गात स्पष्ट सांगत असे. कळवळा आणि प्रचार यांतील फरक मुलांना लवकर कळतो. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून, केडगावच्या मुक्तिसदनात वर्षानुवर्षे खपून, खेड्यातील बाईला समजेल अशा मराठीत केलेले बायबलचे भाषांतर मात्र आम्ही मोठ्याने वाचीत असू. तेथे एका विदुषीने आपली विद्वत्ता अडाण्यांच्या सेवेस कशी लावली, हे वाक्यावाक्यांत दिसते.

माझ्या सर्वांत मोठ्या शिक्षणाचे श्रेय मात्र येथील एका वृद्ध बागाईतदारांकडे जाते, ज्यांना सारा गाव आप्पा म्हणे. निवृत्तीनंतर गावातील लहानशा वाचनालयाचे काम मी पत्करले, तेव्हा ते एके दिवशी पंच्यात गुंडाळलेले एक जाडजूड बाड घेऊन आले. विष्णुबावा ब्रह्मचारी यांची दोन जुनी पुस्तके कोणीतरी एकत्र बांधून घेतली होती. बावांचे जन्मगाव शिरवली, आमच्याच जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांनी ख्रिस्ती मिशनऱ्यांशी जो जाहीर वाद केला, तो त्या काळी फार गाजला. आप्पा ओटीवर बसले आणि जरा संकोचानेच म्हणाले, “बाई, यात तुमच्या धर्मावर बरंच लिहिलंय. कपाटात ठेवायला तुमची हरकत नसेल, तरच ठेवा.”

“हरकत कसली, आप्पा? पण आधी मी वाचते, मग नोंदवहीत चढवते,” मी म्हटले.

ते बाड मी पावसाळाभर वाचले. वादाच्या भागात माझ्या श्रद्धेवरचे आक्षेप एकामागून एक येत होते आणि प्रत्येक आक्षेपाची वरची ओळ मला माझ्याच नियमाप्रमाणे आक्षेपकाला मान्य होईल अशा शब्दांत लिहावी लागत होती. हे काम सोपे नव्हते. काही आक्षेप ख्रिस्ती मताच्या विपर्यासावर उभे होते, त्यांना उत्तर देता येत होते. काही मात्र उत्तर देऊन संपणारे नव्हते, ते मी तसेच जवळ ठेवले आहेत. आणि येथे त्या वादातील दुसऱ्या बाजूचेही स्मरण केले पाहिजे. जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्याने, जो मुंबईत अत्यंत साधेपणाने राहिला आणि तेथेच देह ठेवता झाला, समुद्रकिनाऱ्यावरील या वादाचा वृत्तांत त्याच वर्षी इंग्रजीत छापून काढला. प्रतिपक्षाचे म्हणणे आपल्या हाताने छापावे, यात जी निर्भयता आहे, ती मला ख्रिस्ती वाचकाची पहिली खूण वाटते.

बाडातील दुसरे पुस्तक मी उघडले ते केवळ काम पुरे करावे म्हणून, आणि तेथे मला उठवेना. १८६७ सालचा ‘सुखदायक राज्यप्रकरणी निबंध’ तो हाच. सर्व प्रजा हे एक कुटुंब मानावे, जमीन सर्वांची मिळून असावी, सर्वांनी मिळून कसावी, पिकलेले धान्य गावच्या कोठारात साठवावे आणि ज्याला जितके लागेल तितके त्याने न्यावे, अशी राज्याची रचना शिरवलीच्या या विरक्त ब्राह्मणाने तपशीलवार मांडली आहे. मार्क्सच्या ‘भांडवल’ ग्रंथाचा पहिला खंडही त्याच वर्षी निघाला, हे अभ्यासक नेहमी सांगतात. माझ्या मनात मात्र तत्क्षणी आले ते प्रेषितांच्या कृत्यांतील दुसरा व चौथा अध्याय, जेथे पहिली ख्रिस्ती मंडळी आपली शेते व घरे विकून पैसा प्रेषितांच्या पायांशी आणून ठेवते, कोणीही आपल्या मालमत्तेला आपली म्हणत नाही, आणि ज्याला जशी गरज तसे वाटून दिले जाते. जो मनुष्य समुद्रकिनारी माझ्या धर्माचे खंडन करीत होता, त्याच्या निबंधात माझ्या धर्मग्रंथाचे असे एक पान मला दिसत होते, जे आम्ही ख्रिस्ती लोक उपासनेत वाचतो आणि व्यवहारात उलटून टाकतो.

वाचनालयात त्या निबंधावर आम्ही बोलावयास बसलो, तेव्हा मी ते दोन्ही अध्याय वाचून दाखवले. आप्पा खूश झाले. “म्हणजे बावा तुमच्याच घरचं बोलत होते की!” ते उद्गारले.

मी त्यांना म्हटले, “नाही आप्पा. बावांनी ते वेदांच्या आधारे मांडलंय, ते त्यांचंच राहू द्या. माझ्या घरचं मी विसरले होते, ते त्यांनी आठवून दिलं, एवढंच.”

हा भेद मला फार जिव्हाळ्याचा आहे. परधर्मीय ग्रंथात काही चांगले आढळताच त्याच्यावर आपला शिक्का मारून मोकळे होण्याची एक वृत्ती आमच्यात आहे, आणि ती पुस्तकावर बंदी घालण्याच्या वृत्तीइतकीच अन्यायाची आहे. तुकारामांचा सेतू ओलांडून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो असे टिळक म्हणत. पण म्हणून तुकोबांना त्यांनी ख्रिस्ती ठरवले नाही. अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. जस्टिन अ‍ॅबट यांनी निवृत्तीनंतरचे आयुष्य महिपती, एकनाथ व तुकाराम यांचे चरित्रग्रंथ इंग्रजीत आणण्यात वेचले, आणि संतांना त्यांच्याच भूमिकेत उभे केले. फादर स्टीफन्स यांनी तर १६१६ साली आपल्या ख्रिस्तपुराणास मराठी ओवीचाच देह दिला. ही आमची खरी परंपरा आहे.

मागे एका परिचितांनी मला पत्राने कळवले की, ख्रिस्ती कुटुंबांसाठी वाचनीय पुस्तकांची एक यादी करावी आणि अवाचनीयांची दुसरी. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही; संत जेरोमलाही स्वप्नात न्यायासनापुढे उभे राहून तू ख्रिस्ताचा नव्हेस, सिसेरोचा आहेस असा ठपका ऐकावा लागला होता, तेव्हा ही भीती जुनीच आहे. पण त्याच चौथ्या शतकात संत बासिलने तरुणांना ग्रीक कवी कसे वाचावेत हे समजावून सांगितले, आणि पुढे संत ऑगस्टीनने असा निर्वाळा दिला की, शास्त्राचा जो अर्थ देवावरील व शेजाऱ्यावरील प्रीती वाढवीत नाही, तो अजून कळलेलाच नाही. ऑगस्टीनने हे पवित्र शास्त्राविषयी म्हटले. मी ते प्रत्येक ग्रंथास लावते, कारण ग्रंथकर्ता हाही शेजारीच आहे, आणि बहुधा असा शेजारी की जो वारलेला असल्यामुळे स्वतःची बाजू पुन्हा मांडू शकत नाही. यादी मी केली नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. नारळी-पोफळींच्या वाड्या आडव्या झाल्या, कित्येक पिढ्यांचे उत्पन्न एका दुपारी गेले. त्यापुढे पुस्तकांचे दुःख ते काय सांगावे! तरी वाचनालयाचे कौले उडालेले छप्पर पाहून जी माणसे आली, त्यांची घरे स्वतः उघडी पडलेली होती. वीज अनेक दिवस नव्हती. ओल्या पुस्तकांच्या पानापानांत वर्तमानपत्राचे कागद घालावयाचे, ते भिजले की बदलावयाचे, आणि पुस्तक उभे करून पाने पंख्यासारखी फाकवून ठेवावयाची, असे काम आळीतल्या बायकांनी माझ्याबरोबर केले. गुळगुळीत कागदाची चित्रांची पुस्तके एकसंध ठोकळा होऊन गेली. जुनी, खरबरीत कागदाची मात्र तगली. रमाबाईंचे बायबल, ‘स्मृतिचित्रे’ आणि बावांचे बाड एकाच चुलीच्या उबेला वाळले. बाडावर आता पाण्याची तपकिरी रेघ आहे. अक्षर शाबूत आहे.

आप्पा आता नाहीत. रविवारी दुपारी वाचणारी मंडळी अजून जमते, आणि सध्या शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली देवनागरीत आणलेले ख्रिस्तपुराण चालू आहे. या लेखाच्या वाचकांना माझी एक विनंती आहे. मराठी ख्रिस्ती घरांत, आणि ख्रिस्ती मताचे खंडन करणाऱ्यांच्याही घरांत, ‘ज्ञानोदया’चे जुने अंक, वादविवादाच्या पुस्तिका, आजोबांनी पेन्सिलीने खुणा केलेली पुस्तके पेट्यांत पडून आहेत आणि घर बदलताना ती रद्दीत जातात. ती रद्दीत घालू नका. जवळच्या कोणत्याही गावच्या वाचनालयाला द्या, दोन्ही पक्षांची एकत्र द्या, आणि समासातल्या खुणा खोडू नका.